टाकीतली माती

माझ्याकडे एक वही आहे. प्रयोगशाळेत रसायनांचा साठा लिहायला असते तसली, लांबोडकी, पाठीला लाल कापड लावलेली. तिच्यात ३० जानेवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : ‘पार्सल आलं नाही. ईसी १.०. एकोणीस-एकोणीस ३० ग्रॅम टाकलं. ईसी १.६. कमी वाटते. अजून टाकलं.’ एवढंच. पुढचे पंधरा दिवस गच्चीवर जे रामायण घडलं ते सगळं या ओळींतून निघालं. त्यातही शेवटच्या दोन शब्दांतून जास्त.

मी गोंदियाच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. परिचर म्हणजे सर नव्हे. ब्युरेट धुणारा, बाटल्यांना लेबलं चिकटवणारा, आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ‘काका, माझं सॉल्ट कोणतं?’ म्हणून मुलं ज्याच्या तोंडाकडे बघतात, तो. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले. गाव आमगाव तालुक्यात, तिथे थोरला भाऊ धान करतो. मी शहरात, वाट्याला गच्ची. मग एका नातलगाच्या पोरानं मोबाइलवर दाखवलेलं बघून मी मातीविना शेतीच्या नादाला लागलो. हायड्रोपोनिक्स म्हणतात तिला.

सामान फार नव्हतं. चार इंची पीव्हीसी पाइपचे चार तुकडे, त्यांना भोकं, भोकांत जाळीचे कप. खाली निळा ड्रम, त्यात चाळीस लिटर पाणी. ते पाणी वर चढवायला कूलरचा पंप. विदर्भात कुठल्याही घरात वर्षाचे आठ महिने कूलरचा पंप बेकारच असतो, त्याला काम मिळालं. कपांत कोकोपीट भरायच्या ऐवजी मी राईस मिलमधून जळलेलं तूस आणलं. आमच्या जिल्ह्यात राईस मिलची वाण नाही. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळे झालो तेव्हा वाट्याला धान आणि मिली दोन्ही भरपूर आल्या. तूस मात्र दोन-तीन पाण्यांनी धुवावं लागतं, नाही तर त्याच्या राखेनं पाणी सोडा टाकल्यासारखं होतं. वरच्या दोन पाइपांत टमाटर आणि मिरची, खालच्या दोनांत पालक. खत म्हणून ऑनलाइन मागवलेल्या दोन बाटल्या, एक ए आणि एक बी.

डिसेंबरभर सगळं छान चाललं. जानेवारीत टमाटरला फुलं आली, गोटीएवढी फळं लागली, आणि बाटल्या संपल्या. नव्या बाटल्यांचं पार्सल आज येते, उद्या येते करत आठ दिवस गेले. बाजारात कृषी केंद्र होतंच. तिथे एकोणीस-एकोणीसचं एक किलोचं पाकीट मिळालं. नत्र, स्फुरद, पालाश, तिन्ही सारखे. पाण्यात पूर्ण विरघळतं. ठिबकवाले शेतकरी वापरतात. मला वाटलं, खत ते खत.

इथे जरा थांबून मातीबद्दल बोलावं लागेल, कारण माती नसल्यावरच ती काय करते ते कळतं.

भावाच्या बांधीत युरिया आठवडाभर उशिरा पडला तर धान लगेच माना टाकत नाही. मातीतली चिकण आणि कुजका पालापाचोळा अन्नाचे कण धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. जास्त पडलं तरी काही धरलं जातं, काही वाहून जातं. म्हणजे शेतकऱ्याच्या चुका माती पोटात घालते. पाण्यातल्या झाडाला ही सोय नाही. ते हातावर पोट असलेलं. आज टाकीत जे आहे तेच आज खायचं, आणि जे नाही ते उद्या पानावर दिसायचं. आपण बाटली बदलतो तेव्हा आपल्याला वाटतं, खत बदललं. झाडाच्या बाजूनं बघितलं तर उभ्या पिकाखालची माती रातोरात बदललेली असते. आणि मी तर जुन्या मातीवरच नवी माती ओतली होती. टाकी रिकामी केलीच नव्हती.

आता त्या ‘कमी वाटते’चं. ईसी म्हणजे पाण्याची वीज वाहून नेण्याची ताकद. क्षार विरघळले की पाण्यातून वीज चांगली जाते, म्हणून मीटरचा आकडा बघून पाणी किती ‘खारं’ आहे ते कळतं. पालकाला साधारण दीडच्या आसपास चालतं, फळावर आलेल्या टमाटरला दोन-अडीच. हे आकडे मिलिसीमेन्समधले. स्वस्तातले पेनसारखे मीटर पीपीएम दाखवतात, आणि त्यात गंमत अशी की एकाच पाण्याला एक पेन ५०० म्हणतो आणि दुसरा ७००, कारण दोघांचे गुणक वेगळे. म्हणून मी ईसीच लिहितो.

पण मीटरला फक्त भार असलेले कण दिसतात. घरी करून बघा : ग्लासभर फिल्टरच्या पाण्यात मीठ टाकलं की आकडा धावत सुटतो, साखर टाकली तर ढिम्म हलत नाही. युरिया या बाबतीत साखरेच्या जातीचा. आणि एकोणीस-एकोणीसमधलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. म्हणजे मी पाण्यात नत्र ओतत होतो आणि माझ्या मीटरला त्यातलं निम्मं दिसतच नव्हतं. त्याला दिसेना म्हणून मी अजून ओतलं. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला हे सुचू नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

तीन-चार दिवसांत पानं काळीभोर हिरवी झाली. बायकोला फार आवडली. शेतकऱ्याच्या डोळ्यालाही असाच रंग बरा वाटतो, आणि तिथेच तो फसतो. पानं जाड, लुसलुशीत झाली, वरच्या शेंड्याला वळायला लागली, नवी फुलं गळाली. झाडाला कोणी तरी सांगत होतं, पानं वाढव, फळाचं नंतर बघू. सहाव्या दिवशी पीएच ६.१ वरून ५ वर आला. कारण पुस्तकातलंच : मुळं नायट्रेट उचलतात तेव्हा पाण्याचा पीएच वर सरकतो, अमोनियम उचलतात तेव्हा खाली येतो. आधीच्या बाटल्यांत जवळजवळ सगळं नत्र नायट्रेटचं होतं. नव्या पाकिटात अमोनियम होतं, आणि युरिया जसा मोडेल तसं ते आणखी तयार होणार होतं. मातीत हे काम जंतू करतात आणि काही दिवसांत अमोनियमचं नायट्रेटही करून टाकतात. माझ्या धुतलेल्या पाइपांत त्या जंतूंची वस्ती कुठून असणार?

१४ फेब्रुवारीला पहिलं फळ उलटं करून बघितलं. बुड काळं, चामड्यासारखं. मग दुसरं. मग तिसरं. अकरा फळांपैकी सात.

ही कीड नाही, बुरशी नाही, फळात कॅल्शियम पोचलं नाही त्याची खूण. एकोणीस-एकोणीसमध्ये कॅल्शियम नसतंच. मातीतल्या पिकाला फरक पडत नाही, जमिनीत कॅल्शियम असतं. ते पाकीट करणाऱ्यानं जमीन गृहीत धरली होती आणि माझ्याकडे जमीन नव्हती. यात पाकिटाचा काय दोष?

त्या रात्री भावाला फोन केला. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “तुयं झाड मागून पिवळं होऊन रायलं का पुढून?” मला वाटलं थट्टा करतो. पण हा प्रश्न म्हणजे पानं वाचायची बाराखडी आहे. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही झाडाच्या अंगात हिंडणारी अन्नं. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्याला देतं, म्हणून खालची, म्हातारी पानं आधी पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम एकदा जिथे बसले तिथून उठत नाहीत. त्यांची उपासमार शेंड्याला, कोवळ्या पानाला दिसते. मागून पिवळं आणि पुढून पिवळं यांचे इलाज वेगळे. भावाला हे कोणी शाळेत शिकवलं नाही. चाळीस खरीप बांधीत उभं राहून शिकला.

तो पुढे म्हणाला, “आमी तं दरसाली खत बदलवतो. पऱ्ह्याले वेगळं, रोवण्याले वेगळं, गर्भावर आला का वेगळं. त्यात काय नवलाई?”

खरंच नवलाई नाही. धानाला स्फुरद-पालाश आणि थोडं नत्र रोवणीच्या वेळी, मग फुटवे फुटताना युरिया, मग लोंब धरायच्या आधी उरलेला. उभ्या पिकात अन्न बदलणं ही आमच्या भागातल्या प्रत्येक धुऱ्यावरची गोष्ट. फरक इतकाच की तो मातीच्या भरवशावर बदलतो.

त्याच फोनवर खैऱ्या रोगाचा विषय निघाला. रोवणी होऊन दोन-तीन आठवडे झाले की धानाच्या पानांवर काथाच्या रंगाचे ठिपके येतात, झाड खुजं राहतं. काथ खैराचा, म्हणून नाव खैरा. हिमालयाच्या पायथ्याशी, तराईतल्या पंतनगरच्या कृषी विद्यापीठात यशवंत लक्ष्मण नेने या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी १९६६ साली दाखवून दिलं की हा रोगजंतूंचा खेळ नसून झिंकची उणीव आहे, आणि झिंक सल्फेट चुन्याच्या निवळीसोबत फवारलं की पीक सावरतं. रोगतज्ज्ञानं ‘यात रोगजंतू नाही’ म्हणायला धाडस लागतं, असं मला उगीच वाटतं. यातली माझ्या कामाची बाब पुढची आहे. जमिनीत झिंक असतं. पण चुनखडीच्या, पाणी साचलेल्या जमिनीत ते अशा रूपात अडकतं की मुळांना उचलता येत नाही. घातलेलं अन्न आणि मिळालेलं अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या टाकीतही हेच. आमच्या बोअरच्या पाण्याचा ईसी खत टाकायच्या आधीच ०.७ भरतो. कूलरच्या गवतावर उन्हाळ्याअखेर जो पांढरा थर चढतो, तोच हा माल, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट. ते पीएच सारखा वर ओढत राहतात. पीएच साडेसहाच्या वर गेला की खतातलं नेहमीचं, ईडीटीएमध्ये बांधलेलं लोह सुटायला लागतं आणि तळाशी बसतं. लोह बाटलीवर लिहिलेलं असतं, टाकीत घातलेलं असतं, आणि शेंडा पिवळाच. ईडीडीएचएमधलं लोह वरच्या पीएचलाही टिकतं. ते टाकलं की पाणी कुंकवासारखं लाल होतं. पहिल्यांदा बायको घाबरली होती.

आता दुरुस्ती. मी ठरवलं, बाटल्यांची वाट बघायची नाही. बाटल्यांत जे असतं तेच क्षार कृषी केंद्रात पाकिटांत मिळतात आणि त्यांची नावं दुकानातला पोरगाही आकड्यांत सांगतो : तेरा-झिरो-पंचेचाळीस, झिरो-बावन्न-चौतीस, झिरो-झिरो-पन्नास. जोडीला कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण. सगळं आणलं, मापं काढली, आणि एका दोन लिटरच्या बाटलीत सगळं एकत्र घट्ट विरघळवायला गेलो. पाच मिनिटांत बाटलीत ताक.

कॅल्शियमच्या घट्ट द्रावणात सल्फेट गेलं की जिप्सम होतं, फॉस्फेट गेलं की कॅल्शियम फॉस्फेट होतं. दोन्ही पांढरे, दोन्ही तळाला. असा साका मी हजारो टेस्टट्यूबमधून खरवडून धुतला आहे. बाटल्या दोन का असतात, ए आणि बी का, याचं उत्तर माझ्या नोकरीत होतं आणि मी ते निवृत्तीच्या दिवशी तिथेच ठेवून आलो होतो. ए मध्ये कॅल्शियम आणि लोह, बी मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. पातळ टाकीत दोघं सुखानं नांदतात, घट्ट बाटलीत जुळत नाही. एका कंपनीची ए आणि दुसरीची बी असा संसारही लावू नये, कारण कोणत्या बाटलीत काय ठेवायचं ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

मग नीट केलं. आधी टाकी पूर्ण रिकामी. पंपाची जाळी उघडून धुतली. पाइपांतून तासभर साधं पाणी फिरवलं. याहून जास्त ‘धुलाई’ची गरज मला वाटली नाही. दोन-दोन दिवस नुसत्या पाण्यावर झाड ठेवा असं सांगणारे भेटतात, पण आधीच उपाशी असलेल्याला एकादशी कशाला? बोअरचं आणि आरओचं पाणी निम्मंनिम्म घेतलं. चाळीस लिटरला पूर्ण माप असं ठरवलं : कॅल्शियम नायट्रेट २४ ग्रॅम, तेरा-झिरो-पंचेचाळीस १२, झिरो-बावन्न-चौतीस ६, मॅग्नेशियम सल्फेट १६, सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावरच्या मापानं. एक संपूर्ण विरघळल्याशिवाय दुसरं नाही, आणि कॅल्शियम सगळ्यात शेवटी.

पण पहिल्या दिवशी हे पूर्ण माप दिलं नाही. अर्धं दिलं. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तेच मुळांचं होतं. बाहेरचं पाणी एकदम खारं झालं तर मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि भर पाण्यात उभं राहून झाड कोमेजतं. म्हणून १६ फेब्रुवारीला, ऊन कलल्यावर, अर्ध्या मापावर ईसी १.१. तीन दिवसांनी दीड. आठवड्यानं १.८. पीएच फॉस्फोरिक आम्लाचे थेंब टाकून सहाच्या जवळ. इथे मात्र नोकरी कामी आली : आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि हातमोजे घालून. काही जण लिंबू पिळतात. लिंबानं पीएच उतरतो, पण टाकीतले जंतू ते सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा वर.

वहीत पुढचे दहा दिवस मी फक्त शेंड्याच्या पानाबद्दल लिहिलं आहे. जुनी पानं वळलेली ती वळलेलीच राहिली, काळ्या बुडाची फळं तोडून टाकली. बिघडलेलं पान सुधारत नाही. नवं कसं येतं तेवढं बघायचं. पण इलाज लागू पडला की नाही हे रोज जुन्याच पानात शोधून दर दोन दिवसांनी नवा इलाज करणारे लोक मी बघितले. खरं तर मीही त्यातलाच. २२ फेब्रुवारीला मी मॅग्नेशियम वाढवायला निघालो होतो, बायकोनं वही काढून घेतली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फळं पुन्हा लागली, तेव्हा दुसरा बदल केला. फळ भरताना झाडाला पालाश जास्त लागतं, म्हणून झिरो-झिरो-पन्नास, चाळीस लिटरला ८ ग्रॅम. ईसी २.१. एरवी मी १५ ग्रॅमवरही थांबलो नसतो, पण काळी बुडं डोळ्यासमोर होती. पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकाच पंगतीला बसणारे. पालाशाची कोपरं जोरदार. त्याला जास्त जागा दिली की बाकीच्या दोघांच्या पानात काही पडत नाही. टाकीत कॅल्शियम भरपूर असूनही फळाचं बुड काळं पडू शकतं. ‘फळांसाठी खास’ म्हणून मिळणारी बाटली पाहिजे तेवढी ओतणाऱ्यांचं हेच होतं.

आणि पालक? पालकाला हे काहीच नको होतं. पानभाजीला जन्मभर एकच अन्न पुरतं. तिला फुलायचं नसतं, फळायचं नसतं, त्याआधीच ती आपल्या ताटात येते. मेथी, कोथिंबीर, सॅलडचं लेट्यूस, सगळ्यांचं तेच. तिच्यासाठी ‘ग्रो’ आणि ‘ब्लूम’ अशा वेगवेगळ्या बाटल्या कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजावा आणि परत पाठवावं. माझी मूळ चूक एका टाकीवर पालक आणि टमाटर दोघांना बांधण्याची. सुरुवातीपासून दोन ड्रम ठेवले असते तर निम्मी वही कोरी राहिली असती.

या काळात वाचायचा नाद लागला. पाण्यात झाड वाढवून त्याला काय लागतं ते शोधायचं काम १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी केलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या गेरिक साहेबांनी तसल्याच पाण्यात टमाटरचे उंच वेल चढवून दाखवले आणि १९३७ साली हायड्रोपोनिक्स हा शब्द प्रचारात आणला. गाजावाजा इतका झाला की विद्यापीठानं होगलंड आणि आरनॉन यांना खरं-खोटं बघायला सांगितलं. त्यांनी १९३८ साली पुस्तिका काढली. आज जगभर ज्यांचं मिश्रण प्रमाण मानतात ते हेच होगलंड, आणि त्यांचा निष्कर्ष असा की चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यात उत्पन्न काही जास्त येत नाही. आपल्या देशात स्वातंत्र्याच्या आगेमागे शोल्टो डग्लस नावाच्या इंग्रजानं कालिम्पाँगला प्रयोग केले, साध्या माणसाला परवडेल अशी पद्धत बसवली आणि १९५१ साली ‘बंगाल पद्धत’ या नावानं पुस्तक लिहिलं. डोंगरात बसून खडी आणि वाळूच्या वाफ्यांत कोरडं खत टाकणारा हा माणूस मला यांच्यातला सगळ्यात जवळचा वाटला.

एप्रिल लागला तशी दुसरीच तऱ्हा. उन्हात झाड पाणी भराभर पितं, क्षार मात्र त्या वेगानं खात नाही. म्हणजे टाकी खाली जाते आणि उरलेलं पाणी खारट होत जातं. थंडीत मी कमी झालेलं पाणी खताच्या पाण्यानं भरायचो; उन्हाळ्यात साध्या पाण्यानं भरायला लागलो, आणि मापही पाऊण केलं. शिवाय पाणी तापलं की त्यातली हवा निघून जाते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पस्तीस अंशांना सातच्या आत. मुळं गुदमरतात, तपकिरी होतात, कुजतात. ड्रमला ओलं पोतं गुंडाळलं, बर्फाच्या बाटल्या सोडल्या. एका दुपारी वीज गेली आणि पाइप दोन तास कोरडे राहिले, तेव्हा टमाटर हातचे गेले. नवतपा सुरू व्हायच्या आधीच मी दुकान बंद केलं. पंप कूलरला परत.

रिकाम्या केलेल्या पाण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. ते नालीत ओतू नका. आमच्या जिल्ह्यात नाली शेवटी कुठल्या तरी बोडीत नाही तर तलावात जाते, आणि नत्र-स्फुरदानं तिथे शेवाळ आणि जलपर्णी माजते. दुप्पट पाणी घालून ते कढीपत्त्याला, जास्वंदाला द्यावं. माती ते पचवते.

जुलैत रोवणी झाल्यावर भाऊ शहरात आला तेव्हा पऱ्ह्यांची एक जुडी घेऊन आला. “उरले होते. लाव तुया पाइपात.” धान पाण्यात वाढवणं संशोधकांना नवं नाही. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतले योशिदा यांनी १९७६ च्या प्रयोगपुस्तिकेत दिलेलं मिश्रण आजही वापरतात. त्यातलं नत्र अमोनियम नायट्रेटचं, कारण धानाला अमोनियम मानवतं. पाणी साचलेल्या बांधीत त्याला पिढ्यान्‌पिढ्या तेच मिळत आलं आहे. म्हणजे जे अन्न टमाटरला बाधलं त्यातलं निम्मं याला पथ्याचं. दुसरं म्हणजे धानाच्या देठात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात; पानातून आलेली हवा त्यातून खाली मुळांपर्यंत जाते. त्याला पंपही नको.

दहा लिटरच्या बादलीच्या झाकणाला चार भोकं पाडून चार रोपं लावली. सुरुवातीला सौम्य मिश्रण, थोडं अमोनियम सल्फेट, चिमूटभरही नाही इतकं झिंक, आठवड्याला पाणी बदल. फुटवे आले तसं नत्र वाढवलं, गर्भावर आलं तेव्हा पुन्हा एकदा. सगळ्या तारखा वहीत. बदलताना दर वेळी आधी बादली रिकामी, मग अर्धं माप, मग पूर्ण.

ऑक्टोबरात भाऊ दिवाळीच्या खरेदीला आला. गच्चीवर चढायला त्याला आता वेळ लागतो. बादलीजवळ उकिडवा बसला, एका लोंबीतला दाणा नखांत धरून दाबला. पांढरं दूध आलं.

“युरिया कवा टाकला होतास?”

मी वही उघडून तारीख दाखवली. त्यानं चष्मा वर करून पान जवळ धरलं, मागची दोन-तीन पानंही बघितली, ३० जानेवारीचं तर बराच वेळ. मग वही मिटून माझ्या हातात दिली आणि आजूबाजूच्या तारांकडे बघत म्हणाला, “जाळी टाक यावर. पाखरं हायेत.”

मी म्हटलं, रविवारी टाकतो. शनिवारी सकाळी वर गेलो तर चारही रोपांच्या लोंब्या वाकलेल्या, हलक्या, आणि झाकणावर फोलपटांचा सडा. वहीत शेवटची नोंद आहे : ‘१८ ऑक्टोबर. ईसी १.२. पीएच ५.३. दाणे शून्य. मुनिया.’